लॅपटॉप आणि कीबोर्ड घेऊन स्टेजवर: जोडणीपासून साउंड चेकपर्यंत

घरी हेडफोन लावून बसलं की लॅपटॉपमधला पियानो भरून वाजतो, स्ट्रिंग्ज अंगावर येतात, आणि वाटतं, हेच उद्या स्टेजवर न्यावं. स्टेजवर मात्र मिक्सर अनोळखी असतो, उजेड नको तिथे असतो, पायाखाली वायरींचं जाळं असतं आणि साउंड चेकला जेमतेम वीस मिनिटं मिळतात. गेली काही वर्षं मी कीबोर्डसोबत लॅपटॉप वापरतो आहे आणि माझी सगळी मांडणी आता एकाच नियमावर उभी आहे: कोणतीही एक वस्तू बंद पडली तरी चार मात्रांच्या आत काहीतरी वाजलं पाहिजे. खालची प्रत्येक पायरी त्या नियमाला धरून आहे.

पहिलं काम: लॅपटॉप कशासाठी हवा ते ठरवणं

लॅपटॉपकडून तीन वेगवेगळी कामं घेता येतात. एक, टोन: कीबोर्डच्या पट्ट्या वाजवायच्या आणि आवाज लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअरचा यायचा. दोन, ट्रॅक: आधी तयार केलेलं तालाचं किंवा कोरसचं रेकॉर्डिंग सोडायचं आणि त्यावर प्रत्यक्ष वाजवायचं. तीन, नियंत्रण: लॅपटॉपने प्रत्येक गाण्याला कीबोर्डमधला योग्य टोन आपोआप निवडून द्यायचा.

तिन्ही एकदम सुरू करू नका. पहिले दोन-तीन कार्यक्रम फक्त टोनसाठी लॅपटॉप न्या, तोही चार-पाच गाण्यांपुरता. बाकीची गाणी कीबोर्डच्या स्वतःच्या टोनवर वाजवा. बिघाड कुठे होतो आणि तो कसा सावरायचा, हे हाताला कळलं की पुढचं काम त्यावर चढवा.

मिडीतून आवाज जात नाही

कीबोर्ड आणि लॅपटॉप यांच्यातली भाषा म्हणजे मिडी. १९८३ च्या जानेवारीत सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ हे दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका केबलने जोडून दाखवले गेले, आणि तेव्हाची ती भाषा आजही चालते. म्हणून तीस वर्षांपूर्वीचा कीबोर्डही आजच्या लॅपटॉपशी बोलू शकतो.

या भाषेत आवाज नसतो, निरोप असतात. ‘हा स्वर दाबला, इतक्या जोरात’ हा एक निरोप. ‘हा स्वर सोडला’ हा दुसरा. जोर ० ते १२७ अशा आकड्यात जातो. सस्टेन पेडल ६४ क्रमांकाच्या कंट्रोलने जातं, मॉड्युलेशन व्हील १ क्रमांकाने, एक्स्प्रेशन पेडल ११ ने. एका केबलवर १६ चॅनेल असतात. एवढं पाठ असलं की स्टेजवरचे निम्मे घोळ जागच्या जागी सुटतात.

हे मी अनुभवाने शिकलो. एका कार्यक्रमात मी स्ट्रिंग्जचा लांब स्वर धरून होतो आणि कुणाच्या तरी पायाने यूएसबी केबल निसटली. ‘स्वर दाबला’ हा निरोप पोचला होता, ‘सोडला’ हा पोचलाच नाही. मी हात उचलला तरी स्ट्रिंग्ज वाजतच राहिल्या, आणि गायिका नेमकी निवांत आलापात होती. आता जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये सगळे स्वर बंद करणारं ‘पॅनिक’ बटण असतं. ते कुठे आहे हे अंधारात सापडलं पाहिजे. मी ते कीबोर्डवरच्या एका बटणाला जोडत नाही, कारण केबल निसटल्यावर तेही मुकंच होणार. ते लॅपटॉपच्याच एका मोठ्या कळीवर ठेवतो.

जोडणी

आजच्या बहुतेक कीबोर्डच्या मागे चौकोनी यूएसबी सॉकेट असतं, त्यावर ‘टू होस्ट’ असं लिहिलेलं असतं. पेन ड्राइव्हचं चपटं सॉकेट वेगळं, त्यात लॅपटॉपची केबल लावायची नसते. यूएसबी केबल दोन-तीन मीटरचीच घ्या. ५ मीटर ही या केबलची कमाल मर्यादा आहे आणि मर्यादेच्या टोकाला जाण्यात शहाणपण नाही. कीबोर्ड आणि ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपचा आवाज मिक्सरकडे नेणारी छोटी पेटी) शक्यतो लॅपटॉपच्या दोन स्वतंत्र पोर्टांत थेट लावा. पोर्ट कमी असतील तर स्वतःचा वीजपुरवठा असलेला हब घ्या. जुन्या कीबोर्डला पाच पिनांचं गोल सॉकेट असेल तर मिडी-यूएसबी जोडणी मिळते, आणि गोल केबल १५ मीटरपर्यंत बिनधास्त चालते.

ब्लूटूथवरची मिडी घरी सरावाला सोयीची आहे. स्टेजवर शेकडो फोन असलेल्या जागेत मी तिच्यावर विसंबत नाही. ब्लूटूथ हेडफोन किंवा स्पीकर तर वाजवताना पूर्ण वर्ज्य, त्यात उशीर इतका असतो की लय धरताच येत नाही.

केबल टेबलाच्या पायाला किंवा स्टँडला एकदा गुंडाळून वेलक्रो पट्टीने बांधा. ओढ बसली तर स्टँडला बसावी, सॉकेटला नको. सस्टेन पेडल कीबोर्ड सुरू करण्याआधी लावा आणि सुरू करताना त्यावर पाय ठेवू नका. बरेच कीबोर्ड चालू होतानाच पेडलची दिशा ओळखतात. पाय ठेवलेला असेल तर पेडल उलटं चालतं, म्हणजे सोडलं की स्वर लांबतात.

आता लोकल कंट्रोल. हे चालू असलं की पट्टी दाबल्यावर कीबोर्ड स्वतःचा आवाजही काढतो, बंद केलं की फक्त निरोप पाठवतो. लॅपटॉपचा टोन वाजवायचा तर लोकल कंट्रोल बंद करा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. माझं मत वेगळं आहे. लोकल चालूच ठेवा आणि कीबोर्डचं मास्टर व्हॉल्यूम शून्यावर आणा. बहुतेक कीबोर्डमध्ये त्या नॉबचा मिडीवर काही परिणाम होत नाही. लॅपटॉप गोठला तर मेनूत शिरून लोकल कंट्रोल शोधत बसावं लागत नाही. नॉब वर केला की पियानो हजर. लोकल बंद करणं खरोखर लागतं ते सॉफ्टवेअर तेच निरोप कीबोर्डकडे परत पाठवत असेल तेव्हा, कारण मग प्रत्येक स्वर दोनदा वाजतो आणि आवाज पोकळ, धातूसारखा लागतो. तो पोकळपणा कानावर आला की आधी इथेच शोधा.

आवाज बाहेर काढणं आणि उशिराचा प्रश्न

लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून थेट मिक्सरला वायर देऊन कार्यक्रम करता येतो का? येतो. पण तो लहान जॅक सहज निसटतो, त्यातून चार्जरची किरकिर स्पीकरपर्यंत पोचते आणि आवाजाला उशीरही जास्त होतो. दोन आउटपुटचा साधा ऑडिओ इंटरफेस ही या सगळ्या मांडणीतली सर्वांत मोलाची खरेदी आहे. कीबोर्डमध्येच यूएसबी ऑडिओची सोय असेल तर तोच इंटरफेस म्हणून चालतो, मात्र मग कीबोर्ड बंद पडल्यावर लॅपटॉपही मुका होतो, हे लक्षात ठेवा.

पट्टी दाबल्यापासून आवाज ऐकू येईपर्यंतचा वेळ म्हणजे लेटन्सी. लोक मिडीला दोष देतात, पण पाच पिनांच्या जुन्या केबलवरसुद्धा एक स्वर सुमारे १ मिलिसेकंदात पोचतो. खरा उशीर बफरमुळे होतो. लॅपटॉप आवाजाचे नमुने, म्हणजे आवाजाचे अगदी बारीक तुकडे, एकेक करून पाठवत नाही, गठ्ठा तयार करून पाठवतो. त्या गठ्ठ्याचा आकार म्हणजे बफर, आणि गठ्ठ्याला सेकंदाला किती नमुने याने भागलं की वेळ मिळतो. ४४,१०० च्या दराने १२८ नमुन्यांच्या बफरला सुमारे २.९ मिलिसेकंद लागतात, २५६ ला ५.८, ५१२ ला ११.६ आणि १०२४ ला २३.२. यावर इंटरफेस आणि ड्रायव्हरचे (लॅपटॉपला त्या यंत्राशी जोडणाऱ्या सॉफ्टवेअरचे) आणखी काही मिलिसेकंद धरा.

हे आकडे हाताला कसे लागतात? हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एक मीटरला जवळपास ३ मिलिसेकंद. मॉनिटर स्पीकर तीन मीटरवर असेल तर ९ मिलिसेकंदांचा उशीर तुम्ही एरवीही सहन करताच. त्यामुळे २५६ चा बफर म्हणजे स्पीकर दोन मीटर मागे सरकवल्यासारखं. पियानोलाही ते चालतं. ५१२ ला जलद जागा आणि तालाचे तुकडे जड वाटू लागतात. १०२४ ला फक्त संथ पॅड, म्हणजे मागे पसरून राहणारे लांब, मऊ टोन, वाजवावेत.

मग बफर एकदम लहान का नको? कारण गठ्ठा जितका लहान, तितकी लॅपटॉपला तो वेळेत भरायची घाई. एक गठ्ठा जरी चुकला तरी ‘टक्‌’ असा आवाज येतो किंवा आवाज फाटतो. माझी पद्धत अशी: घरी सर्वांत जड गाणं निवडायचं, पेडल दाबून दहा बोटांनी जमेल तितकं वाजवायचं आणि आवाज स्वच्छ राहील असा सर्वांत लहान बफर शोधायचा. स्टेजवर त्याच्या वरची एक पायरी वापरायची. घरी १२८ वर स्वच्छ असेल तर कार्यक्रमात २५६.

विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचाच एसिओ ड्रायव्हर, म्हणजे उशीर कमी ठेवणारा ड्रायव्हर, घाला. लॅपटॉपचा नेहमीचा साउंड ड्रायव्हर या कामाचा नाही. इंटरफेसच नसेल तर एसिओफोरऑल हा पर्याय तात्पुरता बरा आहे. मॅकवर कोअर ऑडिओ आधीपासूनच असतं.

लॅपटॉपला कार्यक्रमासाठी तयार करणं

प्रोसेसर सरासरी तीस टक्केच वापरात आहे, तरी टकटक येते, अशी तक्रार खूप जण करतात. सरासरीला इथे अर्थ नाही. मधेच वायफायचा ड्रायव्हर किंवा दुसरं काही काम क्षणभर प्रोसेसर अडवून धरतं आणि तेवढ्यात गठ्ठा चुकतो. विंडोजवर लेटन्सीमॉन नावाचं मोफत सॉफ्टवेअर अर्धा तास चालू ठेवलं की कोणता ड्रायव्हर अडवतो आहे ते कळतं. बहुतेक वेळा वायफायच सापडतो.

कार्यक्रमाच्या दिवशी वायफाय आणि ब्लूटूथ बंद. पॉवर प्लॅन जास्तीत जास्त कार्यक्षमतेचा, यूएसबी पोर्ट आपोआप झोपवणारी सेटिंग बंद, स्क्रीन आणि लॅपटॉप झोपणं बंद, सूचनांचे आवाज बंद. ऑपरेटिंग सिस्टिमचे अपडेट आधीच थांबवलेले असावेत. कार्यक्रमाच्या आठवड्यात नवं व्हर्जन, नवा प्लगइन (सॉफ्टवेअरमध्ये जोडायचं वाद्य किंवा इफेक्ट), नवा ड्रायव्हर काहीही घालायचं नाही, कितीही मोह झाला तरी. काही प्लगइन अधूनमधून इंटरनेटवरून परवाना तपासतात, म्हणून दोन दिवस आधी वायफाय बंद करून सगळी गाणी एकदा उघडून पाहा.

मोठे पियानो आणि ऑर्केस्ट्रा लायब्ररी डिस्कवरून स्वरांची रेकॉर्डिंग सतत वाचतात, त्यामुळे एसएसडी हवीच. १६ जीबी मेमरी असली की बहुतेक संच निवांत बसतात. मशीन साधं असेल तर पियानोटेकसारखा प्लगइन पाहा. तो रेकॉर्ड केलेले नमुने वाजवत नाही, तारेचा आणि हातोडीचा आवाज गणिताने घडवतो, त्यामुळे डिस्कवर अगदी कमी जागा घेतो. जड लायब्ररीत एकावेळी वाजणाऱ्या स्वरांची मर्यादा खाली आणली तरी खूप ओझं उतरतं. मागे आठ जणांचा वाद्यवृंद असताना शेपटाचे मंद स्वर कुणालाच ऐकू येत नसतात.

उष्णता विसरू नका. लॅपटॉप तापला की स्वतःचा वेग कमी करतो आणि टकटक सुरू होते. तो कापडावर ठेवू नका, खाली हवा खेळेल असा स्टँड वापरा आणि थेट उन्हात किंवा दिव्याखाली ठेवू नका.

सॉफ्टवेअर आणि पॅच

मॅकवर मेनस्टेज, विंडोजवर कँटाबिल, दोन्हीकडे गिग परफॉर्मर: ही सॉफ्टवेअर प्रत्यक्ष वादनासाठीच बनवलेली आहेत. एबलटन लाइव्ह मुख्यतः ट्रॅक आणि लूपसाठी उत्तम. स्टुडिओत रेकॉर्डिंगला वापरता तेच सॉफ्टवेअर स्टेजवर ओढून नेऊ नका.

गाणं हा एकक धरा. प्रत्येक गाण्याचं एक पान, त्यात सुरुवात, मुखडा, अंतरा असे भाग. प्रत्येक भागासाठी जुळवून ठेवलेला टोन म्हणजे पॅच. सगळे टोन कार्यक्रम सुरू होण्याआधी मेमरीत चढलेले असावेत, म्हणजे बदलताना थांबावं लागत नाही. पॅच बदलला की आधीचा धरलेला स्वर कापला जातो की विरून जातो, हे घरी तपासा. पुढच्या-मागच्या पॅचसाठी कीबोर्डवरची दोन बटणं किंवा एक पेडल पुरतं. वाजवता वाजवता माउस धरायची वेळ येऊच नये.

कीबोर्डकडून किंवा कीबोर्डकडे प्रोग्रॅम चेंज (टोन निवडणारा मिडीचा निरोप) पाठवत असाल तर एक घोळ ठरलेला आहे: काही ठिकाणी मोजणी ० पासून, काही ठिकाणी १ पासून. ऑर्गन मागितला आणि शेजारचाच टोन आला तर एक आकडा पुढे-मागे करून पाहा.

सगळ्यांत जास्त वेळ मात्र आवाजाच्या पातळीवर घालवा. हेडफोनवर पॅड मऊ आणि पियानो टोकदार लागतो म्हणून आपण पॅड वाढवतो. स्टेजवर तोच पॅड गायकाला गिळतो. सगळे पॅच एकापाठोपाठ वाजवून सारख्या उंचीवर आणा आणि मीटरवर सर्वांत जोराचा आघात उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहू द्या. शिवाय आउटपुट एकदा मोनो करून ऐका. बऱ्याच जागी मिक्सरवर तुम्हाला एकच चॅनेल मिळतो, आणि काही स्टिरिओ पियानो मोनोत आले की मधल्या स्वरांचा आवाज पोकळ होतो. असा पियानो घरी कितीही आवडला तरी स्टेजवर नको.

पट्टी बदलली तर

गायक ऐनवेळी सांगतो, ‘आज काळी एक नको, पांढरी एक घेऊ.’ आता ट्रान्सपोज कुठे करायचं? कीबोर्डवर केलं तर काही मॉडेलमध्ये बदललेले स्वर मिडीतून जातात, काहींत फक्त आतला आवाज बदलतो. दोन्हीकडे केलं तर लॅपटॉप दुप्पट सरकतो. आपला कीबोर्ड काय करतो ते आधीच पाहून ठेवा आणि ट्रान्सपोजची जागा एकच ठरवा. मी कीबोर्डवरच करतो, कारण लॅपटॉप गेला तरी पट्टी शाबूत राहते. कीबोर्ड आणि लॅपटॉप दोघांचं मूळ ट्यूनिंग ४४० हर्ट्‌झवर आहे ना, हेही पाहा. ४४२ वर राहिलेला एक टोन कानाला सतत खुपतो आणि कारण सापडत नाही.

ट्रॅक वापरत असाल तर

दोनच आउटपुट असतील तर एका बाजूला ट्रॅक मोनो आणि दुसऱ्या बाजूला क्लिक, म्हणजे लय धरायला वाजणारे ठोके. क्लिक फक्त तालवादकाच्या आणि तुमच्या कानात जाते, म्हणून ती वायर मिक्सरला देताना तिच्यावर ठळक अक्षरांत लिहा. टोनही लॅपटॉपचेच असतील तर चार आउटपुटचा इंटरफेस घ्यावा लागेल. आणि ट्रॅक चालू असताना गायक एक ओळ विसरला तर ट्रॅक त्याच्यासाठी थांबत नाही. म्हणून थांबवण्याची कळ कोण दाबणार आणि त्यानंतर सगळे कुठून धरणार, हे तालमीत ठरवून घ्या.

घरघर आली तर

लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. घरघर गेली तर दोष अर्थिंगच्या वळशाचा आहे: लॅपटॉप, इंटरफेस आणि मिक्सर वेगवेगळ्या वाटांनी जमिनीशी जोडले गेले आहेत. आपली सगळी यंत्रं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. तरीही राहिली तर इंटरफेस आणि मिक्सरच्या मध्ये ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल मिक्सरला योग्य करून देणारी पेटी) लावून त्यावरचं ग्राउंड लिफ्ट, म्हणजे सिग्नलच्या वायरमधली अर्थिंगची जोडणी तोडणारं, बटण दाबा. बहुतेकदा तिथेच शांतता होते. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका किंवा मोडू नका. ती जिवासाठी आहे.

निव्वळ बॅटरीवर वाजवणं हा उपाय पाचेक मिनिटांपुरता. बॅटरीवर अनेक लॅपटॉप आपोआप मंदावतात.

राखीव व्यवस्था

मिक्सरवर कीबोर्डसाठी एक आणि लॅपटॉपच्या इंटरफेससाठी एक असे वेगळे चॅनेल मागा आणि दोन्ही कायम उघडे ठेवायला सांगा. कीबोर्डमध्ये प्रत्येक गाण्यासाठी जवळचा टोन आधीच निवडून सेव्ह करून ठेवा. तो लॅपटॉपइतका देखणा नसेल, पण गाणं तरून जाईल. मी महिन्यातून एकदा तालमीत मुद्दाम, कुणालाही न सांगता, गाण्याच्या मध्येच यूएसबी केबल उपटतो. पहिल्यांदा मला सावरायला अर्धा अंतरा लागला होता. आता डावा हात पट्ट्यांवर राहतो आणि उजवा नॉबवर जातो.

संपूर्ण संच पेन ड्राइव्हवर, ट्रॅक फोनमध्ये, गाण्यांची यादी आणि पट्ट्या कागदावर. प्रत्येक प्रकारची एक जादा केबल पिशवीत.

साउंड चेक

सुरू करण्याचा क्रम: आधी कीबोर्ड आणि इंटरफेस, मग लॅपटॉप, मग सॉफ्टवेअर, आणि मिक्सरचा फेडर (चॅनेलचा आवाज कमी-जास्त करणारी सरकती पट्टी) सर्वांत शेवटी. सॉफ्टवेअर आधी उघडलं तर काही वेळा त्याला कीबोर्ड दिसतच नाही.

वीस मिनिटं हातात असतील तर सर्वांत मोठ्या आवाजाच्या पॅचने सुरुवात करा, त्यावर साउंड इंजिनिअरला पातळी लावू द्या. मग सर्वांत हळू पॅच. मग कीबोर्डचा स्वतःचा पियानो, राखीव चॅनेलवर. मग पेडल, पॅच बदलणं, पॅनिक. शेवटी गायकासोबत एक कडवं, तुमच्या मॉनिटरमध्ये गायकाचा आवाज नीट येतो का एवढं ऐकण्यासाठी. वेळ कमी पडला तर मधलं काहीही गाळा, राखीव चॅनेलची तपासणी गाळू नका.

कार्यक्रम संपला की साउंड इंजिनिअरने फेडर खाली घेतल्याची खूण केल्याशिवाय एकही वायर काढू नका, नाहीतर स्पीकरमध्ये धाडकन आवाज जातो. सामान बांधण्याआधी पाच मिनिटं काढून कोणता पॅच जास्त झाला, कुठे टकटक आली, कोणत्या गाण्यात बटण चुकलं हे त्याच यादीच्या कागदावर लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप उघडाल तेव्हा कामाला तिथूनच सुरुवात करता येते.